हाय रॉकची चौकी

अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात, माउंट रेनियरच्या दक्षिणेस हाय रॉक नावाचे एक शिखर आहे. उंची ५,६८५ फूट, म्हणजे आपल्या कळसूबाईहून थोडी अधिक. परंतु कच्च्या रस्त्याने गाडी टोहेड गॅप या खिंडीपर्यंत जाते आणि ही खिंडच जवळजवळ ४,३०० फुटांवर आहे. त्यामुळे पायी चालणे एका बाजूने जेमतेम अडीच किलोमीटर आणि चढण तेराशे-चौदाशे फूट एवढीच उरते. आतकरवाडीच्या वाटेने सिंहगड चढणाऱ्या कोणालाही हा चढ छाती दडपवणारा वाटू नये. वाट दाट सूचिपर्णी झाडीतून सरळ वर जाते, शेवटच्या टप्प्यात झाडी संपून उघडा खडक लागतो, आणि त्या खडकाच्या टोकावर, ऐन कड्याच्या काठावर, १९२९ साली एक लाकडी खोली बांधण्यात आली. उत्तरेकडे खोलीच्या पायाखालूनच कडा तुटलेला आणि समोर रेनियरचा हिमाच्छादित पहाड. या एका दृश्यासाठी दर उन्हाळ्यात शेकडो माणसे येथे येतात. सिअ‍ॅटल परिसरात स्थायिक झालेली आणि सह्याद्रीची सवय न सुटलेली मराठी मंडळीही त्यांत असतात.

अशा छोट्या चढाईचे नियोजन फारसे अवघड नाही. जुलैपूर्वी जाऊ नये, कारण सावलीच्या बाजूला बर्फ राहतो आणि वाट हरवते. पाणी घरून भरून न्यावे, वाटेत नाही. डोंगरातला रस्ता पावसाळी हिवाळ्यात खचतो, म्हणून आदल्या दिवशी वनखात्याच्या स्थानिक कचेरीत चौकशी करावी. लहान मुले बरोबर असतील तर माथ्यावर त्यांचा हात सोडू नये. या कड्यावरून पडून माणसे दगावली आहेत. हे सारे पूर्वीही होते. गेल्या दहा-पंधरा वर्षांत मात्र नियोजनात एक नवा मुद्दा शिरला आहे. ऑगस्ट-सप्टेंबरात, म्हणजे हवा सर्वांत भरवशाची असायची त्या दिवसांत, आता आधी धूर पाहावा लागतो. कोठे वणवा पेटला आहे, वारा कोणत्या दिशेचा आहे, समोरचा रेनियर दिसेल की नाही, आणि दिसला तरी ती हवा छातीत घ्यावी की नाही.

ही खोली मुळात धूर पाहण्यासाठीच बांधली होती. वणव्याची टेहळणी करण्यासाठी डोंगरमाथ्यावर उभारलेली ती चौकी. विसाव्या शतकाच्या मध्यास अमेरिकेत अशा पाच हजारांहून अधिक चौक्या होत्या. एकट्या वॉशिंग्टन राज्यात सहाशेहून अधिक जागी त्या बांधल्या गेल्या, त्यांतल्या शंभरही आज उभ्या नाहीत. गिरिभ्रमणाच्या पुस्तकांत त्यांच्याविषयी जे लिहिलेले असते ते बहुधा स्मरणरंजन असते: एकांत, सूर्यास्त, रॉकेलचा दिवा. त्या एवढ्या संख्येने का बांधल्या गेल्या आणि ज्या समजुतीपोटी बांधल्या गेल्या ती समजूत खरी होती काय, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. त्या समजुतीच्या वंशवृक्षाची एक फांदी आपल्या ठाणे-कुलाबा भागातून जाते, म्हणून हा लेखनप्रपंच.

सुरुवात १९१० च्या ऑगस्टपासून करणे सोयीचे आहे. त्या वर्षी आयडाहो, मोंटाना आणि वॉशिंग्टनच्या पूर्व भागात उन्हाळा अतिशय कोरडा गेला. जागोजागी लहानमोठे वणवे धुमसत होते. २० ऑगस्टला वादळी वारा सुटला आणि दोन दिवसांत ते सगळे एक झाले. सुमारे ३० लाख एकर जंगल जळाले. किमान ८५ माणसे मेली, त्यांत बहुतेक आग विझवण्यासाठी रोजंदारीवर आणलेले मजूर होते. आयडाहोतील वॉलेस गावाजवळ एडवर्ड पुलास्की नावाच्या वनरक्षकाने आपल्या चाळीसेक माणसांना एका जुन्या खाणीच्या बोगद्यात कोंडून घातले आणि बाहेर पळू पाहणाऱ्याला गोळी घालण्याची धमकी देऊन त्यांपैकी बहुतेकांचे प्राण वाचवले. एका बाजूस कुऱ्हाड आणि दुसऱ्या बाजूस कुदळ असलेले जे हत्यार वणवा विझवणारे आजही वापरतात, त्याला त्याच्याच नावाने ‘पुलास्की’ म्हणतात.

अमेरिकेचे वनखाते तेव्हा अवघे पाच वर्षांचे होते. अशा बाल्यावस्थेतल्या खात्यावर असा प्रसंग आला की दोन गोष्टी होऊ शकतात. एक तर खाते मोडते, नाही तर तो प्रसंगच खात्याची जन्मकथा बनतो. येथे दुसरे घडले. हुतात्मे मिळाले, शत्रू मिळाला, आणि पुढच्याच वर्षी, १९११ च्या वीक्स कायद्याने, राज्यांच्या सहकार्याने अग्निसंरक्षण करण्यासाठी पैसाही मिळाला. १९१० च्या वणव्यात मिझुला येथील कचेरीतून कारभार पाहणारे दोघे अधिकारी, विल्यम ग्रीली आणि फर्डिनंड सिल्कॉक्स, पुढे या खात्याचे प्रमुख झाले. सिल्कॉक्सच्याच काळात, १९३५ साली, तो प्रसिद्ध नियम आला: कोणतीही आग नजरेस आली की दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या आत ती आटोक्यात आलीच पाहिजे; न आल्यास त्याच्या दुसऱ्या दिवशी दहाच्या आत; आणि असेच पुढे. आग कशाने लागली, कोठे लागली, कोणत्या प्रकारच्या जंगलात लागली, या प्रश्नांना त्या नियमात जागा नव्हती. पंचवीस वर्षांपूर्वी जळून मेलेल्या माणसांची आठवण असलेल्या अधिकाऱ्याने असा नियम करावा हे समजण्यासारखे आहे. समजण्यासारखे असणे आणि बरोबर असणे यांत मात्र अंतर राहते.

दहाच्या आत आग आटोक्यात आणायची तर ती आधी दिसायला हवी. हाय रॉकसारख्या खोल्यांचे कारण हे. या खोल्यांची रचना पाहण्यासारखी आहे, आणि माथ्यावर गेल्यावर ती ठाऊक असेल तर पाहण्यात अधिक गोडी येते. सर्वांत प्रचलित नमुना १४ फूट बाय १४ फुटांचा. चारही बाजूंना कमरेच्या वर केवळ काचेच्या खिडक्या. खिडक्यांवरची झडपे उन्हाळ्यात वर उचलून टेकू दिला की सावलीचे छत होई. हिवाळ्यात तीच खाली पाडली की बर्फापासून बचाव. लाकूड आधीच मापात कापून, खेचरांच्या पाठीला पेलतील असे भारे बांधून वर चढवत. १९३३ नंतर मंदीतल्या बेकार तरुणांना काम देणारी सरकारी तुकडी, सिव्हिलियन कॉन्झर्व्हेशन कोअर, आली आणि चौक्यांची संख्या भराभर वाढली. वीज पडण्याची भीती कायमची, म्हणून छपरावरून तांब्याच्या तारा जमिनीत सोडलेल्या; आणि गडगडाट सुरू झाला की पहारेकऱ्याने ज्यावर बसायचे किंवा उभे राहायचे त्या लहानशा तिवईच्या पायांना काचेचे विद्युतरोधक बसवलेले.

खोलीच्या मध्यभागी मुख्य दैवत: ऑस्बॉर्नचे अग्निशोधक यंत्र. विल्यम ऑस्बॉर्न नावाच्या वनखात्यातील एका माणसाने १९११ च्या सुमारास ते तयार केले आणि पुढे वीस-पंचवीस वर्षे सुधारत नेले. एका गोल चकतीवर त्या परिसराचा नकाशा, नकाशाच्या मध्यबिंदूवर ती चौकी, भोवती अंश कोरलेले कडे आणि त्या कड्यावर फिरणारे नेम धरण्याचे दोन दर्शक, एक डोळ्याजवळ आणि एक पलीकडे. धूर दिसला की दोन्ही दर्शक त्याच्या रेषेत आणायचे आणि अंश वाचायचे. एका चौकीवरून केवळ दिशा कळते, अंतर नाही. म्हणून दुसऱ्या डोंगरावरच्या चौकीने त्याच धुराचे अंश कळवले की कचेरीत नकाशावर दोन दोरे ताणून ते जेथे छेदतील तेथे आग. त्रिकोणमितीतील हा एवढा साधा सिद्धांत; पण तो चालण्यासाठी एक चौकी पुरत नाही, चौक्यांचे जाळे लागते. पाच हजारांचा आकडा त्यातून आला.

कळवायचे दूरध्वनीने. लोखंडाची एकेरी तार झाडाझाडांवरून नेलेली, तीही मुद्दाम सैल. तार ज्या विद्युतरोधकांतून जाई ते दोन अर्धुकांचे असत आणि तार त्यांतून सरकू शके. एखादे झाड कोसळले की तार ताणून तुटण्याऐवजी जमिनीवर लोळे, आणि बोलणे चालू राही. (या युक्तीचे मला ऑस्बॉर्नच्या यंत्राहून अधिक कौतुक वाटते. जंगलात झाडे पडणारच हे मान्य करून केलेली ही रचना आहे. जंगलात आग लागणारच हे मान्य करणे त्याच खात्याला आणखी साठ-सत्तर वर्षे जमले नाही.)

पहारेकरी हंगामी असत: विद्यार्थी, शिक्षक, क्वचित पतिपत्नी. १९१३ साली कॅलिफोर्नियातील क्लॅमथ वनात हॅली डॅगेट या तरुणीची नेमणूक झाली. या कामावर वनखात्याने घेतलेली ती पहिली स्त्री. पुढे लेखक-कवींनीही ही नोकरी धरली. जॅक केरुआकने १९५६ च्या उन्हाळ्यात डेसोलेशन शिखरावर ६३ दिवस काढले. त्याचा मित्र गॅरी स्नायडर त्याआधी दोन हंगाम अशाच चौक्यांवर होता. १९५४ मध्ये मात्र, साम्यवादाच्या संशयाचा सुळसुळाट असलेल्या त्या दिवसांत, त्याला पुन्हा काम नाकारण्यात आले. धूर पाहण्यासाठीही राजकीय चारित्र्य शुद्ध लागत होते तर. असो.

आता त्या वंशवृक्षाकडे येऊ. हाय रॉक ज्या राष्ट्रीय वनात आहे त्याचे नाव गिफर्ड पिंचॉट राष्ट्रीय वन. १९४९ साली ते या नावाने ओळखले जाऊ लागले. पिंचॉट हा अमेरिकी वनखात्याचा पहिला प्रमुख. येल विद्यापीठातून १८८९ मध्ये पदवी घेतली तेव्हा त्याला वनशास्त्र शिकायचे होते आणि अमेरिकेत ते शिकवणारे कोणी नव्हते. तो युरोपात गेला, फ्रान्समधील नान्सीच्या वनविद्यालयात दाखल झाला. पण त्याला खरा गुरू भेटला तो जर्मनीतील बॉन येथे निवृत्तीचे आयुष्य घालवणारा डीट्रिच ब्रँडिस. पिंचॉटच्या मृत्यूनंतर १९४७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रात त्याने हे ऋण मोकळेपणाने मान्य केले आहे.

भारतीय वनांच्या इतिहासात ज्यांना थोडाफार रस आहे त्यांना ब्रँडिसची ओळख करून देण्याची गरज नाही. मूळचा वनस्पतिशास्त्रज्ञ. १८५६ पासून ब्रह्मदेशातील पेगूच्या सागवानी जंगलांचा कारभारी, आणि १८६४ पासून १८८३ पर्यंत हिंदुस्थानचा पहिला वनमहानिरीक्षक. ‘राखीव जंगल’, ‘जाळरेषा’, जंगलाचा रखवालदार, हा आपल्या परिचयाचा सारा संसार त्या वीस वर्षांत उभा राहिला. आगीपासून जंगल राखण्याचा पहिला मोठा प्रयोग १८६० च्या दशकात मध्य प्रांतात बोरी येथे झाला. आज ते जंगल सातपुडा व्याघ्रप्रकल्पात मोडते. उन्हाळ्यापूर्वी गवताचे पट्टे जाळून वा कापून मोकळे करायचे, म्हणजे एका बाजूची आग दुसरीकडे जाणार नाही. हा प्रयोग यशस्वी मानला गेला आणि ‘आग म्हणजे जंगलाचा शत्रू, आणि आग लावणारा म्हणजे गुन्हेगार’ हे सूत्र पक्के झाले.

आग लावणारा कोण, याचे उत्तर आपल्याकडे सोपे होते. कोकणातला आणि घाटाखालचा शेतकरी. पावसाआधी झाडांचे टाळ, पालापाचोळा आणि शेण भाताच्या रोपांच्या जागेवर पसरून जाळायचे, यालाच राब म्हणतात. १८७८ च्या वनकायद्यानंतर या टाळांवर आणि जाळण्यावर निर्बंध येऊ लागले, तेव्हा ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत इतका असंतोष उसळला की मुंबई सरकारला १८८५ मध्ये चौकशी आयोग नेमावा लागला. त्याच दशकाच्या आरंभी जोतीराव फुल्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये जंगलखात्यावर जो प्रहार केला, तो याच व्यवस्थेवर होता. ब्रँडिसला यासाठी एकट्याला जबाबदार धरणे अन्यायाचे होईल. गावांचे हक्क सरसकट बुडवू नयेत, असे मत त्याने सरकारदरबारी मांडले होते. १८७८ च्या कायद्यात वरचढ ठरले ते त्याच्याहून कडक मताचे अधिकारी. तरीही पिंचॉटने गुरूकडून जे उचलले त्यात सरकारी मालकी आणि आगीपासून संरक्षण या गोष्टी ठळक होत्या.

गंमत अशी की, हा वारसा अमेरिकेत पोहोचत असतानाच हिंदुस्थानात त्याविषयी शंका सुरू झाल्या होत्या. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ब्रह्मदेशातील काही वनाधिकारी लिहू लागले की ज्या जंगलांत आम्ही आग यशस्वीपणे रोखली तेथेच सागाची नवी रोपे दिसेनाशी झाली आहेत. ओलसर भागांत बांबू आणि इतर झाडोरा माजतो आणि उन्हाची भूक असलेला साग खाली गुदमरतो. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत काही भागांतले अग्निसंरक्षण मागेही घेण्यात आले. म्हणजे गुरूच्या पहिल्या कर्मभूमीत धडा बदलत होता, आणि शिष्याच्या देशात जुना धडा नुकता पाठ होत होता.

शिष्याच्या देशातही राब जाळणारे होतेच, निराळ्या नावाने. आज गिफर्ड पिंचॉट वनाच्या दक्षिण भागात, माउंट अ‍ॅडम्सच्या नैर्ऋत्येस, सॉटूथ बेरी फील्ड्स नावाचा प्रदेश आहे. तेथे हकलबेरीची रानटी झुडपे होतात. याकामा आणि इतर मूलनिवासी जमाती पिढ्यान्‌पिढ्या उन्हाळ्याच्या शेवटी तेथे येत, फळे गोळा करून वाळवत, आणि हंगाम संपता संपता, पाऊस जवळ आलेला पाहून, झुडपांना आग लावून उतरत. जळालेल्या जमिनीत हकलबेरी मुळांपासून पुन्हा फुटते आणि सावली करणारी सूचिपर्णी रोपे मरतात. वनखात्याच्या दृष्टीने हे आग लावणे होते, आणि ते थांबवण्यात आले. १९२९ सालापासून मंदी आली, शहरांतले बेकार गोरे लोक हजारोंनी फळे तोडायला येऊ लागले, आणि भांडणे सुरू झाली. १९३२ मध्ये याकामांचे प्रमुख विल्यम यॅलप आणि वनाचे पर्यवेक्षक ब्रुकार्ट यांच्यात बोलणे होऊन बेरीच्या रानाचा एक भाग मूलनिवासींसाठी राखला गेला. करार लेखी नव्हता, केवळ हस्तांदोलनाचा. तो आजतागायत पाळला जातो. मात्र त्या हस्तांदोलनात फळे तोडण्याचा हक्क राखला गेला, जाळण्याचा नाही. आग गेल्यावर झाडे आत शिरत गेली आणि राखून ठेवलेले रान आपोआप आकसत गेले.

या सर्व धोरणाचे माप सगळीकडे सारखे पडले नाही, हे नमूद करायला हवे. हाय रॉकच्या भोवतीचे, कॅस्केड रांगेच्या पश्चिम उताराचे जंगल ओले आहे. तेथे मोठी आग शतका-दोन शतकांनी, कधी त्याहूनही उशिरा येते, आणि येते तेव्हा सगळे घेऊन जाते. १९०२ च्या सप्टेंबरातील याकोल्टचा वणवा असा होता. त्यात किमान ३८ माणसे मेली. अशा जंगलात तीस-चाळीस उन्हाळे लहान आगी विझवल्याने फारसा फरक पडत नाही. रांगेच्या पूर्वेला, कोरड्या प्रदेशातल्या पाँडेरोसा पाइनच्या जंगलाची गोष्ट वेगळी. तेथे दर पाच ते पंचवीस वर्षांनी जमिनीलगतची हलकी आग येऊन पाचोळा आणि रोपटी साफ करून जात असे, आणि जाड सालीची मोठी झाडे टिकत. ती आग सत्तर वर्षे नियमाने विझवली गेली. रोपटी वाढली, त्यांची शिडी झाली, आणि आता आग येते ती थेट शेंड्यांवर चढते. वाढते तापमान हे दुसरे कारण, आणि तेही तितकेच मोठे. या दोहोंची वाटणी किती-किती यावर तज्ज्ञ वाद घालत असतात.

सकाळी दहाचा नियम १९७८ मध्ये अधिकृतपणे संपला. तोवर चौक्यांचेही दिवस सरले होते. दुसऱ्या महायुद्धात शत्रूची विमाने ओळखण्यासाठी त्यांचा थोडा काळ उपयोग झाला. नंतर त्याच विमानांनी त्यांची जागा घेतली. आज उपग्रह आहेत, डोंगरावर फिरते कॅमेरे आहेत. अनेक चौक्या वनखात्यानेच जाळून टाकल्या. आगीपासून रक्षण करणाऱ्या खोल्यांचा शेवट सरकारी आगीत व्हावा, यावर टिप्पणी करण्याची आवश्यकता नाही.

उरलेल्या जपाव्यात की नाहीत यावर न्यायालयात खटलाही झाला. याच राज्यात ग्रीन माउंटनवरची १९३३ ची चौकी दुरुस्तीसाठी काढून २००९ मध्ये हेलिकॉप्टरच्या साहाय्याने पुन्हा बसवण्यात आली. संरक्षित अरण्यात, जेथे कायद्याने मानवी बांधकाम आणि यंत्रे वर्ज्य, तेथे हे कसे चालते, असा दावा एका अरण्यवादी संस्थेने लावला, आणि २०१२ मध्ये न्यायालयाने चौकी हलवण्याचा आदेश दिला. २०१४ मध्ये अमेरिकी संसदेने खास कायदा करून ती जागेवर राखली. माझी सहानुभूती या प्रकरणात चौकीच्या बाजूची आहे, पण तिच्या सौंदर्यासाठी नव्हे. ते जंगल कधीच निर्मनुष्य अरण्य नव्हते. तेथे आधी जाळणारे होते, मग विझवणारे आले. पहिल्यांच्या खुणा झाडीखाली गेल्या. दुसऱ्यांची खूण तरी राहू द्यावी.

हाय रॉकची खोलीही काळाने आणि नावे कोरणाऱ्या हौशी मंडळींनी जर्जर केली होती. २०२० नंतरच्या वर्षांत स्थानिक इतिहासप्रेमींनी पुढाकार घेऊन ती सुटी केली आणि दुरुस्तीसाठी खाली आणली. म्हणून निघण्यापूर्वी रस्त्याबरोबरच माथ्यावरील कामाचीही चौकशी करावी. खोली बाजूला ठेवली तरी तो खडक आणि ती दृष्टी तीच आहे. रेनियरचे छायाचित्र काढून झाले की पाठ फिरवावी. आग्नेयेला गोट रॉक्सची रांग दिसते. २०२२ च्या ऑगस्टमध्ये तेथे वीज पडून आग लागली, महिनाभर धुमसली, आणि सप्टेंबरात पूर्वेचा कोरडा वारा सुटताच पॅकवुड हे पायथ्याचे गाव रिकामे करावे लागले. त्यापलीकडे अ‍ॅडम्सचा पांढरा घुमट. त्याच्या उतारांवर २०१२ आणि २०१५ च्या वणव्यांत हजारो एकर जळाले.

ऑगस्टअखेरीस जाणे झाले आणि हवा स्वच्छ असली तर दुसरा दिवस हाताशी ठेवून दक्षिणेला सॉटूथच्या बेरीरानापर्यंत जाता येते. अलीकडे याच वनात काही ठिकाणी कौलिट्झ जमात आणि वनखाते मिळून सावली करणारी झाडे काढून हकलबेरीला पुन्हा जागा करून देत आहेत. फळे तोडायला परवाना लागतो, तो आधी घ्यावा. रस्ता क्रमांक २४ च्या पूर्वेकडच्या बाजूला मात्र कितीही घोस दिसले तरी हात लावू नये; तो भाग १९३२ च्या हस्तांदोलनातला आहे, आणि तशा पाट्या तेथे लावलेल्या आहेत.